रांगेतून गेलेला जॉब संपलाच असं नाही: दूरच्या क्लस्टरची खबर वेबपानावर आणताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईतल्या तुमच्या कॉलेजचा गट 26 जुलै 2005 च्या पावसाचं डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल दुसऱ्या शहरातल्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या संचावर, चालवतो (त्यातला एकेक संगणक म्हणजे नोड). तिथे कामं, म्हणजे जॉब, रांगेत लावणारा स्लर्म हा प्रोग्रॅम आहे. विद्यार्थ्यांना टर्मिनल उघडावं लागू नये म्हणून तुम्ही फ्लास्क या पायथनच्या वेब-साधनात छोटं पोर्टल केलंत. पान दर दोन सेकंदांनी तुमच्या सर्व्हरला विचारतं, सर्व्हर एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर शिरायच्या सुरक्षित वाटेने, क्लस्टरवर जाऊन एस-क्यू (squeue) ही स्लर्मची रांग दाखवणारी आज्ञा चालवतो आणि जे येईल ते पानावर टाकतो. आता दोन गोष्टी झाल्या आहेत: ॲडमिननी तुमचं खातं बंद ठेवलंय, आणि 'पूर्ण' दिसलेल्या काही जॉबचं आउटपुट अर्धवट निघालंय. वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी दुतर्फा जोडणी, बसवलं तर हे सुटेल का, असं तुम्ही विचारता.

नाही सुटणार. वेबसॉकेट ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांच्यामधला रस्ता सुधारतं. तुमची दोन्ही दुखणी सर्व्हर आणि क्लस्टर यांच्यामधली आहेत, त्यामुळे आधी तिकडे बघू.

पहिलं दुखणं सोपं आहे. स्लर्मचा मुख्य कंट्रोलर जॉब लावणं, नोड सांभाळणं, प्राधान्य मोजणं ही सगळी कामं एकाच प्रक्रियेत करतो, आणि एस-क्यूचं प्रत्येक विचारणं त्याच्याच दारात जातं. एस-क्यूच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की ही आज्ञा स्क्रिप्टच्या लूपमध्ये फिरवू नका, कंट्रोलर मंदावतो. 23.02 आवृत्तीपासून तर अशा विचारण्यांवर मर्यादा घालायची सोयही ॲडमिनच्या हातात आली आहे. दहा विद्यार्थ्यांनी पान उघडं ठेवलं तर तुमच्याकडून सेकंदाला पाच एसएसएच जोडण्या आणि पाच एस-क्यू जातात, तेही अशा जॉबसाठी ज्याची स्थिती रात्रभरात तीन-चार वेळाच बदलणार. ॲडमिनच्या जागी मी असतो तरी खातं बंदच केलं असतं.

ही पद्धत मुळात सतत विचारण्यासाठी घडलेलीच नाही. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत 1964 साली सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला तेव्हा लोक पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन जात आणि नंतर येऊन छापील कागद घेत. स्लर्मसारखा आजचा बॅच शेड्युलर त्याच वळणाचा आहे: जास्तीत जास्त काम उरकायचं, मधल्या चौकशांना कमी वेळ द्यायचा. त्याच्यासमोर वेबपान उभं करायचं तर चौकशीचा भार आपण अंगावर घ्यायला हवा.

म्हणजे असं. प्लॅटफॉर्मवर हजार माणसं गाडीची वाट बघत असली तरी मोटरमनला फोन कुणी लावत नाही, सगळे इंडिकेटर बघतात. तुमच्याकडे इंडिकेटरच नाही. तो तयार करायचा: तुमच्या सर्व्हरवर एक स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम, त्याला मी गोळा करणारा म्हणतो, मिनिटातून एकदा क्लस्टरला एकच प्रश्न विचारेल, गटाच्या सगळ्या जॉबची स्थिती एकदम आणेल आणि तुमच्या डेटाबेसात वेळेसकट लिहील. वेबपान फक्त डेटाबेस वाचेल. पान एकाने उघडलं काय आणि शंभर जणांनी उघडलं काय, क्लस्टरवरचा भार तोच. गोळा करणारा फ्लास्कच्या आत थ्रेड म्हणून चालवू नका. वेब सर्व्हरच्या चार वर्कर प्रक्रिया असल्या तर चार गोळा करणारे तयार होतात आणि आपण परत तिथेच येतो. सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सेवा चालू ठेवणारा प्रोग्रॅम, वापरून त्याची वेगळी सेवा करा. एसएसएचची जोडणी दरवेळी नव्याने न बांधता एसएसएचचीच कंट्रोल-पर्सिस्ट ही सेटिंग वापरून तीच उघडी ठेवा. क्लस्टरवर स्लर्मचा रेस्ट सर्व्हर, म्हणजे वेबच्या विनंत्यांना थेट उत्तर देणारा भाग, चालू असेल, तो 20.02 आवृत्तीपासून आहे, तर स्थिती विचारायला एसएसएचची गरजच नाही. फक्त त्याच्या टोकनची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या तात्पुरत्या पासची, मुदत वेगळी सांगितली नाही तर अर्धा तासच असते हे ध्यानात ठेवा, नाहीतर पोर्टल चालू केल्यावर अर्ध्या तासाने सगळं गप्प होईल आणि कारण सापडणार नाही.

आता दुसरं दुखणं. मला खरी काळजी याचीच वाटते, कारण खातं बंद झालेलं लगेच कळतं, पण अर्धवट आउटपुटवरून काढलेला आलेख प्रबंधात जाऊन बसला तर कुणालाही कळत नाही.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमचा कोड असं धरतोय: एस-क्यूच्या यादीत जॉब दिसत नाही, म्हणजे संपला, म्हणजे 'पूर्ण'. यातल्या दोन्ही उड्या चुकीच्या आहेत.

एस-क्यू नेहमीच्या वापरात रांगेत असलेले, चालू असलेले आणि आवरत असलेले जॉबच दाखवतो. जॉब नीट संपला, वेळ संपून मारला गेला, मेमरी ओलांडून उडाला, नोडच बंद पडला, कुणी रद्द केला: सगळे एकसारखेच यादीतून जातात. कंट्रोलरही त्यांना फार काळ लक्षात ठेवत नाही. मिन-जॉब-एज नावाची सेटिंग आहे, ती बदललेली नसेल तर 300 सेकंद. पाच मिनिटांनंतर त्या क्रमांकाबद्दल कंट्रोलरला विचारलंत तर 'अवैध जॉब क्रमांक' एवढंच ऐकू येईल. निकाल ठेवलेला असतो हिशेबाच्या डेटाबेसात, म्हणजे स्लर्म संपलेल्या जॉबची नोंद ठेवतो तिथे, आणि तो एस-ॲक्ट (sacct) या आज्ञेने काढायचा असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे एस-क्यूची आज्ञाच फसणं. कंट्रोलर पुन्हा सुरू होत असेल किंवा नेटवर्क तुटलं असेल तर 'कंट्रोलरशी संपर्क होत नाही' हा संदेश त्रुटीच्या वाटेने येतो आणि नेहमीचं आउटपुट रिकामं राहतं. रिकामी यादी म्हणजे एकही जॉब उरला नाही असं समजणारा कोड त्या क्षणी गटाचे सगळे जॉब 'पूर्ण' करून टाकतो. म्हणून आज्ञेचा परतीचा कोड शून्य, म्हणजे यशस्वी, आहे का हे बघितल्याशिवाय आउटपुटला हात लावायचा नाही. शून्य नसेल तर डेटाबेसात कुठलीही स्थिती बदलायची नाही, फक्त 'या वेळी उत्तर मिळालं नाही' एवढी नोंद करायची. आणि एस-क्यूला जॉबचे क्रमांक देण्यापेक्षा खात्याचं नाव द्या. एकच क्रमांक दिला आणि तो कंट्रोलरच्या स्मरणातून गेलेला असला तर आज्ञा त्रुटी देते, मग खरी त्रुटी कुठली आणि जॉब संपल्याची कुठली हे वेगळं करत बसावं लागतं.

जॉब यादीतून गेला की एस-ॲक्टकडे जायचं. तिथे काय दिसतं ते नीट बघा, कारण बहुतेकांचा घात इथेच होतो. समजा क्रमांक 481526 चा जॉब मेमरी ओलांडून उडाला. क्रमांक, स्थिती आणि निर्गम कोड (संपताना परत आलेला कोड) मागवला की अशा तीन ओळी येतात (मी देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात रोमन असतात):

481526|आउट_ऑफ_मेमरी|0:125
481526.बॅच|आउट_ऑफ_मेमरी|0:125
481526.एक्स्टर्न|कम्प्लिटेड|0:0

तिसरी ओळ स्लर्मच्या स्वतःच्या कारभारातल्या एका टप्प्याची आहे, तुमच्या मॉडेलशी तिचा संबंध नाही. ती बहुतेक वेळा 'कम्प्लिटेड' असते. कुणी शेवटची ओळ उचलली, किंवा आउटपुटमध्ये 'कम्प्लिटेड' हा शब्द कुठेही सापडतो का एवढंच शोधलं, तर उडालेला जॉब हिरवा दिसतो. ठिपक्याशिवाय नुसता क्रमांक असलेली ओळच जॉबची, तीच घ्यायची. एस-ॲक्ट साध्या रूपात रकाने कापतोही, तेव्हा आउट_ऑफ_मेमरीचं टोक जाऊन पुढे अधिकचं चिन्ह येतं आणि तुलना फसते. पार्सेबल2 हा रकाने न कापणारा पर्याय नेहमी द्या. रद्द केलेल्या जॉबच्या स्थितीपुढे 'अमुक क्रमांकाच्या वापरकर्त्याने' असं शेपूट असतं, तेव्हा पूर्ण वाक्य न जुळवता पहिला शब्द जुळवा.

हिशेबाच्या डेटाबेसात नोंद पोचायला कधीकधी थोडा वेळ लागतो. जॉब एस-क्यूत नाही आणि एस-ॲक्ट अजून 'चालू' म्हणतोय अशी काही मिनिटं येऊ शकतात. तेव्हा घाई करायची नाही, पानावर 'निकाल येतोय' दाखवायचं आणि पुढच्या फेरीत परत विचारायचं. तासन्‌तास असंच राहिलं तर मात्र शेवटाची नोंद हिशेबात पोचलीच नसण्याचा संभव असतो. अशा नोंदी ॲडमिन दुरुस्त करू शकतात, त्यांना क्रमांक कळवा.

उलटाही प्रकार आहे: जॉब 'चालू' वरून परत 'रांगेत' जाणं. नोड बंद पडला आणि पुन्हा रांगेत लावायची परवानगी असली तर स्लर्म त्याच क्रमांकाने जॉब परत लावतो. स्थिती पुढेच जाणार असं धरून कोणी मागची पायरी नाकारली तर पानावर जॉब 'चालू' दिसत राहतो आणि तो तिकडे रांगेत पडून असतो. त्यामुळे मी दोन टेबलं ठेवतो: एका टेबलात जॉबची आजची स्थिती, दुसऱ्यात प्रत्येक निरीक्षण, कधीही न खोडता. काय झालं याचा वाद निघाला की दुसरं टेबल उघडायचं.

स्लर्मने 'कम्प्लिटेड' म्हटलं तरी तुमचं काम संपलं असं मी मानणार नाही. स्लर्मला स्क्रिप्टचा निर्गम कोड कळतो, पावसाचं काय झालं ते कळत नाही. स्क्रिप्टमध्ये मॉडेलच्या ओळीनंतर फायली हलवायची साधी आज्ञा असेल आणि ती यशस्वी झाली, तर मॉडेल मध्येच कोसळूनही स्क्रिप्टचा कोड शून्य येतो. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट, वजा ई' (set -e) लिहा, म्हणजे एखादी आज्ञा फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल. आणि डब्ल्यूआरएफचंच म्हणाल तर त्याने एक चांगली सोय ठेवली आहे: आरएसएल नावाच्या लॉग फायलींच्या शेवटी तो यशस्वी समाप्तीची ठरावीक ओळ लिहितो. ती ओळ आहे आणि अपेक्षित शेवटच्या तासाची आउटपुट फाइल आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच पानावर 'पूर्ण' लिहा. तोवर 'क्लस्टरवरचं काम थांबलं, तपासणी बाकी' असं म्हणा. विद्यार्थ्याला हे वाचायला अडचण होत नाही.

त्याच लॉगमध्ये प्रत्येक पायरीला मॉडेलमधली वेळ आणि लागलेले सेकंद येतात. प्रगती दाखवायची तर ती इथून घ्या. मागितलेल्या वेळेपैकी किती वेळ गेला यावरून टक्के काढून हिरवी पट्टी भरत नेणं मला अजिबात पटत नाही. बारा तास मागितले आणि सहा गेले याचा अर्थ काम अर्धं झालं असा नाही. त्याऐवजी 'मॉडेल 26 जुलै, दुपारी 2:30 पर्यंत पोचलंय, ही ओळ 40 सेकंदांपूर्वीची' असं लिहा. यात अडकलेला जॉबही पकडला जातो. एमपीआयच्या, म्हणजे एकाच कामाचे तुकडे वाटून घेऊन चालणाऱ्या, प्रक्रिया एकमेकींची वाट बघत थिजल्या तर स्लर्म त्याला शेवटपर्यंत 'चालू' म्हणत राहील. लॉगमधली वेळ वीस मिनिटं हलली नाही तर तुमचं पान पिवळं व्हायला हवं.

वेळेचा विषय निघालाय तर इथे जरा थांबतो, कारण तुमच्या कामात ती तीन ठिकाणी वेगळी आहे. मॉडेलच्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत. एस-ॲक्ट क्लस्टरची स्थानिक वेळ देतो, ती बहुधा भारतीय प्रमाणवेळ, आणि शेजारी क्षेत्राचा उल्लेख नसतो. तुमचा वेब सर्व्हर क्लाउडवर असला तर तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असला तरी बहुधा यूटीसीवर चालतो. यातलं काही एकमेकांतून वजा केलंत की साडेपाच तासांची भानगड होते: रांगेत जेमतेम मिनिटभर थांबलेला जॉब साडेपाच तास थांबला असं दिसतं, किंवा वजा वेळ येते. डेटाबेसात सगळं यूटीसीत ठेवा आणि फक्त पानावर छापताना भारतीय वेळ करा. सांताक्रूझची 944 मिलीमीटरची नोंद 27 जुलैच्या सकाळी 8:30 ला संपणाऱ्या 24 तासांची आहे, म्हणजे यूटीसी 3 ला संपणाऱ्या. मॉडेलचा पाऊस तिच्याशी ताडताना हाच हिशेब चुकला तर कुलाब्यात त्या दिवशी सांताक्रूझच्या दहाव्या भागाइतकाही पाऊस नव्हता हे अचाट अंतर तुमचं मॉडेल पकडतंय की नाही, याचं उत्तर भलतंच निघेल.

जॉब पाठवतानाचा एक सापळा तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या मांडणीत आहेच. सर्व्हरने एस-बॅच (sbatch) ही जॉब पाठवायची आज्ञा चालवली आणि उत्तर यायच्या आत जोडणी तुटली. जॉब लागला की नाही? परत पाठवला तर कदाचित दोन लागतील, दोन्ही एकाच फोल्डरात लिहितील आणि आउटपुटची खिचडी होईल. यावर उपाय असा: पाठवण्याआधीच तुमच्या डेटाबेसात स्वतःचा एक युनिक क्रमांक तयार करून 'पाठवतोय' अशी नोंद करा आणि तोच क्रमांक जॉबचं नाव म्हणून द्या. उत्तर आलं नाही तर आधी त्या नावाने शोधा, नसेल तरच परत पाठवा. जॉबच्या टिप्पणीत हा क्रमांक टाकणारे लोक आहेत, पण टिप्पणी हिशेबात साठवायची की नाही हे ॲडमिनच्या सेटिंगवर असतं. नाव नेहमी साठतं. आणि नावाने शोधताना एस-ॲक्टला सुरुवातीची तारीख द्यायला विसरू नका. ती दिली नाही तर तो आजच्या मध्यरात्रीपासूनचंच बघतो, त्यामुळे रात्री पावणेबाराला लागून पाच मिनिटांत उडालेला जॉब बारानंतर सापडत नाही.

जॉबनेच तुमच्या वेब सर्व्हरला कळवावं, ही कल्पना कुणीतरी सुचवेलच. बहुतेक क्लस्टरमध्ये कॉम्प्युट नोडना बाहेरचं इंटरनेट नसतं, तिथेच ती अडते. असलं तरी मेमरी ओलांडून मारलेली प्रक्रिया 'मी मेले' असं कळवू शकत नाही. टप्प्याटप्प्याची खबर हवी असेल तर स्क्रिप्टने सामायिक फोल्डरात छोटी फाइल लिहावी: आधी तात्पुरत्या नावाने, मग त्याच फोल्डरात नाव बदलून, म्हणजे अर्धी लिहिलेली फाइल कुणाच्या वाचनात येत नाही. फोल्डर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वाटलेल्या डिस्कवर, असेल तर लॉगिन नोडला (आपण बाहेरून शिरतो त्या संगणकाला) जुनी माहिती मिनिटभर दिसू शकते, कारण फायलींचे तपशील तो 60 सेकंदांपर्यंत जवळ ठेवतो. ही खबर पूरक माना. शेवटचा शब्द एस-ॲक्टचा आणि आउटपुटच्या तपासणीचा.

ब्राउझरच्या बाजूचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे अडचण कमी आहे. फॉर्म भरल्यावर 202 हा वेबचा उत्तर-कोड द्या, म्हणजे विनंती स्वीकारली, काम व्हायचंय, आणि सोबत लोकेशनमध्ये त्या जॉबच्या स्थितीच्या पानाचा पत्ता. त्या पत्त्यावर विचारणा झाली की जॉब फसलेला असला तरी 200 (ठीक) हाच कोड द्यायचा. जॉब फसला, स्थिती विचारण्याची विनंती फसलेली नाही. 500 (सर्व्हरची चूक) दिलात तर ब्राउझर आणि मधले प्रॉक्सी तुमचा सर्व्हर बिघडला असं समजतील. पानाने वीस सेकंदांनी विचारलं तरी पुष्कळ झालं, आणि ई-टॅग, म्हणजे उत्तराच्या आवृत्तीची खूण, लावलात तर काही बदललं नसताना 304 एवढंच उत्तर जाईल. अगदीच ताबडतोब बदल दिसायला हवा असेल तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, म्हणजे सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकतर्फी जाणाऱ्या खबरा, घ्या, वेबसॉकेट नको. तुमची खबर एकाच दिशेने जाते. शिवाय गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरून नेटवर्क गेलं तर बाहेर आल्यावर ब्राउझर आपणहून जोडतो आणि शेवटचा इव्हेंट क्रमांक सांगतो, तुम्ही तिथून पुढचं पाठवायचं. समोर एनजिनेक्स हा मध्यस्थ वेब सर्व्हर असेल तर त्याचं बफरिंग बंद करा आणि दर पंधरा सेकंदांनी एक रिकामी टिप्पणी पाठवत राहा, नाहीतर 60 सेकंद शांतता दिसली की तो जोडणी तोडतो.

पानावर प्रत्येक स्थितीखाली ती कधी पाहिली ते लिहा. 'चालू' एवढंच नको, 'चालू, 10:42 ला पाहिलं' असं. गोळा करणारा बंद पडला असेल तर पाच मिनिटांनंतर पान स्वतःच 'सध्या माहीत नाही' दाखवेल असं करा. जुनी स्थिती आत्ताची म्हणून दाखवणारं पान मला टर्मिनलपेक्षा धोक्याचं वाटतं. रांगेत असलेल्या जॉबपुढे स्लर्मने दिलेलं कारणही भाषांतर करून टाका: 'रिसोर्सेस' म्हणजे मोकळे नोड मिळायची वाट, 'प्रायॉरिटी' म्हणजे पुढे दुसरे आहेत, आणि 'डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड' म्हणजे आधीचा जॉब फसलाय, हा आता कधीच सुटणार नाही, रद्द करा. या शेवटच्या कारणाने जॉब दिवसेंदिवस पडून राहतात आणि विद्यार्थ्याला वाटतं गर्दी आहे.

गटात चार-पाचच जण असतील तर हे सगळं करण्याआधी एस-बॅचची मेल पाठवायची सोय वापरून बघा. संपल्यावर, फसल्यावर, इतकंच काय 80 टक्के वेळ गेल्यावरही मेल येतो. कित्येक गटांना तेवढ्याने भागतं.

खातं उघडून घेण्यासाठी ॲडमिनना लिहाल तेव्हा फक्त क्षमा मागू नका, नवी मांडणी सांगा: मिनिटाला एक एस-क्यू, यादीतून गेलेल्या जॉबसाठीच एस-ॲक्ट, एकच एसएसएच जोडणी, उत्तर न मिळाल्यास वाढत्या अंतराने प्रयत्न. पोर्टलसाठी वेगळी एसएसएच किल्ली (की) तयार करा आणि ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये तिला ठरावीक स्क्रिप्टपुरतीच बांधा, म्हणजे उद्या वेब सर्व्हर कुणी फोडला तरी क्लस्टरवर त्याला शेल मिळणार नाही. पानाच्या पत्त्यातून आलेला जॉब क्रमांक जसाच्या तसा आज्ञेत चिकटवत असाल तर ते आजच थांबवा. पत्त्यात तुमचा युनिक क्रमांक ठेवा, स्लर्मचा क्रमांक डेटाबेसातून घ्या आणि तो जॉब मागणाऱ्या विद्यार्थ्याचाच आहे का हे तपासा. आणि क्लस्टरवर रेस्ट सर्व्हर आहे का हे त्याच मेलमध्ये विचारा. ॲडमिननी हो म्हटलं तर एसएसएचची निम्मी डोकेदुखी तिथेच मिटेल.